खानाचा देश, पिंजाऱ्याचा मुलूख

आम्ही खानदेशचे, असे सांगितले की पुण्या-मुंबईकडचा माणूस आधी वांग्याच्या भरिताची चौकशी करतो. मग आमचे नाव ऐकतो, थोडा थांबतो आणि विचारतो, "पण मूळचे कुठले?" अरबस्तान, इराण, गेला बाजार दिल्ली तरी आम्ही सांगावी, अशी त्याची अपेक्षा असते. हा प्रश्न बाहेरचेच लोक विचारतात असेही नाही. आमच्याच लग्नकार्यात जेवणे आटोपली की एखादे बुजुर्ग पान चघळत सांगू लागतात, खानदेश हे नावच आपले. खानांचा देश. फारुकी सुलतानांनी इथे दोनशे वर्षे राज्य केले, आपण राज्यकर्ते होतो. पोरे खूश होतात. सांगणाऱ्या बुजुर्गांचे वडील पिंजण खांद्यावर टाकून गावोगाव कापूस पिंजत फिरले, हे त्या वेळी कुणी काढत नाही.

नावाचा वाद जुना आहे. कुणी म्हणतात, गुजरातच्या सुलतानाने फारुकी राजाला 'खान' हा किताब दिला, त्यावरून खानदेश. कुणी म्हणतात, मूळ शब्द कान्हदेश, म्हणजे कृष्णाचा, अहिरांचा देश. कुणी यादवांच्या सेऊणदेशापर्यंत मागे जातात. अकबराने १६०१ मध्ये हा प्रांत जिंकल्यावर शहजादा दानियालच्या नावावरून त्याचे 'दानदेश' केले. ते काही लोकांच्या तोंडी बसले नाही. अलीकडे हा वाद विद्वानांच्या हातून सुटून सभांमध्ये गेला आहे. खान म्हटले की एका बाजूला छाती फुगते, कान्हा म्हटले की दुसऱ्या बाजूला. आमच्यापुरते बोलायचे तर खान आणि कान्हा दोघांनाही इथे यावेसे वाटले ते इथल्या मातीमुळे. तेव्हा आधी मातीकडे बघावे.

शाळेत भूगोलाच्या पुस्तकात प्रेअरीचा धडा होता. कॅनडातले मॅनिटोबा, सस्कॅचेवान, अल्बर्टा हे प्रांत, क्षितिजापर्यंत सपाट जमीन, गव्हाची शेते आणि धान्याची उंच कोठारे. ती नावे पाठ करताना आमची जीभ वळत नसे. पण चित्र बघून वर्गातला एक पोऱ्या म्हणाला होता, "गुरुजी, हे तर आपल्या चोपडा-अमळनेरसारखेच आहे. गव्हाच्या जागी कापूस घाला." गुरुजींनी त्याला खाली बसवले. तिथे सहा महिने बर्फ, आपल्याकडे जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर. तरी पोऱ्याने नेमके पकडले होते. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठा-सातमाळ्याचे डोंगर, आणि मध्ये पूर्व-पश्चिम पसरलेले तापीचे सपाट खोरे. ज्वारीची दाटी संपली की फेब्रुवारीत नजर कुठे अडतच नाही. काळी, खोल, ओल धरून ठेवणारी माती. पाऊस साधारण सहाशे-सातशे मिलिमीटर, तोही लहरी. ही माती स्वतःच पाणी राखते म्हणून इथे कापूस झाला, रब्बीची दादर झाली, आणि माणूस टिकला.

तापीबद्दल एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. मध्य प्रदेशात मुलताईजवळ निघून सुरतेकडे समुद्राला मिळणारी ही सातशे किलोमीटरहून लांब नदी आमच्या भागात फार खोलातून वाहते. काठ उंच, तुटलेले, घळींनी कुरतडलेले. पाणी डोळ्यांना दिसते, पण शेताला मिळत नाही. जुन्या काळी सिंचन झाले ते तापीवर नव्हे, तिला मिळणाऱ्या लहान नद्यांवर. धुळे-साक्रीकडे पांझरेवर जुने दगडी बंधारे आहेत आणि त्यांच्या पाण्यावर चाललेली फड पद्धत आहे. शेकडो वर्षांची. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे तीन-चार फड पाडायचे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे, पुढच्या साली फड फिरवायचे. जवळपास प्रत्येकाची पट्टी प्रत्येक फडात. पाणी कमी असले तर एखादा फड सगळ्यांनी मिळून पडीक ठेवायचा, म्हणजे टंचाई एकट्याच्या वाट्याला येत नाही. पाणी सोडायला गावाने नेमलेला पाटकरी. हे बंधारे कुणी बांधले यावर लोक वाद घालतात, फारुकींनी की त्यांच्याही आधी कुणी. पाटकऱ्याला त्याच्याशी देणेघेणे नव्हते. त्याने बारी बघून पाणी सोडले.

आता फारुकींचे सांगतो, कारण ते टाळूनही चालत नाही. मलिक राजा हा फिरोजशहा तुघलकाचा सरदार. १३७० मध्ये त्याला थाळनेरची जहागीर मिळाली. थाळनेर आज धुळे जिल्ह्यात, शिरपूर तालुक्यात तापीच्या काठावर आहे. त्याने स्वतःचे कूळ खलिफा उमर फारुक यांच्यापर्यंत नेले, म्हणून घराणे फारुकी. म्हणजे 'मूळचे कुठले' हा प्रश्न त्यालाही सुटला नव्हता! त्याचा मुलगा नासिर खान याने असिरगड घेतला. तो गड आसा अहिराचा होता. बायकांच्या डोल्यांतून शिपाई आत घुसवले, अशी हकीकत फिरिश्त्याने लिहून ठेवली आहे. ती गौरवाने सांगावी अशी आम्हांला कधी वाटली नाही. ज्याने आसरा दिला त्याचाच गड घेतला. पण त्याच नासिर खानाने तापीकाठी एक शहर वसवले आणि त्याला स्वतःचे नाव न देता खुलताबादच्या सूफी बुऱ्हानुद्दीन गरीब यांचे नाव दिले. ते बुऱ्हाणपूर. समोरच्या काठावर जैनुद्दीन शिराजींच्या नावाचे जैनाबाद. एका फकिराच्या नावाने राजधानी, ही गोष्ट मात्र पोरांना सांगण्यासारखी आहे.

बुऱ्हाणपूर आता मध्य प्रदेशात आहे. एका राज्याची हद्द मध्ये आली आणि खानदेशचे डोके धडापासून वेगळे झाले. तिथल्या जामा मशिदीत आम्ही दोनदा जाऊन आलो. राजा अली खान ऊर्फ आदिलशहा फारुकी याने ती १५९० च्या सुमारास पुरी केली. आत अरबी लेख आहे, आणि संस्कृतही आहे. होय, मशिदीच्या आत, देवनागरीत कोरलेला संस्कृत लेख. त्यात फारुकींची वंशावळ आहे, संवत आणि तिथी दिली आहे. सुलतानाला आपण कुणासमोर उभे आहोत हे ठाऊक होते. हाच राजा अली खान १५९७ मध्ये गोदावरीकाठच्या लढाईत मोगलांच्या बाजूने लढताना मारला गेला आणि चारच वर्षांत मोगलांनी त्याच्या मुलाचे राज्य बुडवले. इमानाचे बक्षीस.

मघाशी प्रेअरीचे नाव काढले, त्यावरून आठवले. आमच्या नात्यातला एक मुलगा नोकरीसाठी अल्बर्टातल्या एडमंटनला आहे. त्याने तिथल्या अल रशीद मशिदीचा फोटो पाठवला. १९३८ मध्ये उघडलेली, कॅनडातली पहिली मशीद. फेरीवाले, दुकानदार, कातड्यांचा व्यापार करणारे मूठभर लेबनानी मुसलमान त्या माळावर पोहोचले होते. त्यांच्या बायका पुढे झाल्या, ख्रिस्ती आणि ज्यू शेजाऱ्यांनीही वर्गणी दिली. बांधणारा कंत्राटदार युक्रेनी वंशाचा. त्याने जन्मात मशीद पाहिलेली नव्हती, त्याला ठाऊक होते चर्च. त्यामुळे मशिदीचा तोंडवळा थेट त्याच्या गावच्या चर्चसारखा झाला. आज ती इमारत तिथल्या एका ऐतिहासिक उद्यानात जपून ठेवली आहे. आम्ही त्या मुलाला बुऱ्हाणपूरच्या संस्कृत लेखाचा फोटो उलट पाठवला. तो म्हणाला, "चाचा, हे आपल्या इतके जवळ होते आणि शाळेत कुणी सांगितले नाही?"

प्रेअरीची दुसरी बाजूही आपल्याकडे आहे. तिथल्या मूळ लोकांनी तहनाम्यांवर खुणा केल्या आणि ते राखीव तुकड्यांत ढकलले गेले, मग गव्हाची शेते उभी राहिली. आमच्याकडे १८१८ मध्ये पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी सातपुड्यातल्या भिल्लांवर फौजा धाडल्या, त्याने जमेना तेव्हा १८२५ मध्ये भिल्ल एजन्सी काढली आणि आउटरॅमने धरणगावला भिल्लांचीच पलटण उभी केली. डोंगरातल्या माणसाला गणवेश घालून डोंगरातल्याच माणसावर सोडले. मग खाली मैदानात कापूस वाढला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालू होती. तिकडचा कापूस अडकला, लँकेशायरच्या गिरण्या आमच्याकडे बघू लागल्या. त्याच दशकात रेल्वे भुसावळला आली. ज्वारीची कितीतरी रानं कपाशीखाली गेली. चार साल पैसा खेळला, भाव कोसळल्यावर सावकाराच्या वह्या तेवढ्या राहिल्या.

हे सगळे सांगायचे कारण आमचे खरे कुळाचार तिथे आहेत. फारुकी आमचे कोणी नव्हते. आम्ही पिंजारी. कापूस आला तिथे पिंजारी आला. मोठी कमान, तिला ताणलेली आतड्याची तात, लाकडी ठोक्याने तातेवर मारले की तिचा तो विशिष्ट आवाज, आणि कापूस ढगासारखा उसळून मोकळा होणारा. दादा सांगत, आवाजावरून बायका ओळखत की पिंजारी गल्लीत आला. दसरा-दिवाळीच्या सुमाराला काम जास्त. लेकीच्या लग्नाची गादी, बाळंतिणीची उशी, म्हाताऱ्याची रजई. पाटलाच्या घरचे, ब्राह्मणाच्या घरचे, महारवाड्यातले, सगळ्यांचे अंथरूण एकाच तातेखालून गेलेले. फुप्फुसात मात्र पिंजाऱ्याच्या कापूस साठत जाई. दादा पन्नाशीतच खोकून खोकून गेले. त्याला कुणी औद्योगिक आजार म्हटले नाही, दमाच म्हटले.

असेच बाकीचे. तांबोळी पानाचे, मण्यार बांगड्यांचे, अत्तार सुगंधाचे, बागवान फळांचे. रावेर-यावलच्या केळीची जी वाघिणी भरभरून दिल्लीकडे पाठवणी चाले, तिच्या अलीकडच्या टोकाला गाडीवर केळी विकणारा बागवान असे. धुळे-मालेगावचे मोमीन विणकर १८५७ नंतर उत्तरेतून होरपळून आलेले, हातमागावरून यंत्रमागावर गेलेले. मालेगावही १८६९ पर्यंत खानदेशातच होते. आणि सातपुड्याच्या पायथ्याला यावल, रावेर, चोपड्याकडे तडवी. तडवी भिल्ल हे मुसलमान आणि आदिवासीही. आमच्या काही मौलवींना हे कोडे सुटत नाही आणि काही पुढाऱ्यांनाही नाही. तडव्यांना स्वतःला त्यात कोडे वाटत नाही. ते निकाह लावतात आणि पोळ्याला बैलही सजवतात. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन भरले ते याच यावल तालुक्यातल्या फैजपूरला. गावाचे नाव फैज, म्हणजे कृपा, बरकत. पाठ्यपुस्तकात नेहरू आणि साने गुरुजी आहेत, असायलाच हवेत. तडव्यांच्या पाड्यांतून किती माणसे पायी फैजपूरला गेली असतील, हे कुणीतरी विचारायला हवे होते.

एकट्या सुलतानांचा इतिहास सांगितला की हे सगळे लोक त्यातून गळतात. १६३० चा दुष्काळ घ्या. शहाजहान तेव्हा बुऱ्हाणपुरात होता. १६३१ मध्ये मुमताज महल तिथेच बाळंतपणात वारली आणि तिला आधी जैनाबादला दफन केले. ताजमहालाची कहाणी आमच्या तापीकाठी सुरू होते, हे आमचे लोक फार अभिमानाने सांगतात. त्याच काळात सुरतेहून आग्र्याकडे निघालेला पीटर मंडी नावाचा इंग्रज नंदुरबारला पोहोचला तर तंबू ठोकायला प्रेतांमुळे मोकळी जागा मिळेना, असे त्याने लिहिले आहे. बादशहाने लंगर उघडले होते, तेही खरे. पण एका मरणावर संगमरवर चढला आणि बाकीची मरणे एका परक्या प्रवाशाच्या वहीत राहिली. त्यात पिंजारीही असतील, अहीरही, भिल्लही. वहीत जात लिहिलेली नाही.

जात लिहिलेली नसणे ही आमच्याकडे साधी गोष्ट नाही. १९९० च्या दशकात मुस्लिम ओबीसींची चळवळ जालन्याकडून सुरू झाली आणि पहिल्यांदा आम्हांला कळले की पिंजारी हा सरकारच्या यादीतला शब्द आहे. दाखला हवा तर १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा द्या. अब्बांनी दादांच्या शाळेचे जुने रजिस्टर काढायला लावले. मोडीतली नोंद, वाचायला पेन्शनर तलाठी शोधून आणले. जातीच्या रकान्यात लिहिले होते: 'मुसलमान'. दादांच्या सख्ख्या धाकट्या भावाच्या नोंदीत, त्याच शाळेत, दुसऱ्या गुरुजींच्या हाताने: 'पिंजारी'. एकाच आईबापाची दोन मुले, एक धर्म झाला, दुसरा धंदा. धाकट्या दादांच्या नातवंडांना दाखले मिळाले, ती इंजिनिअर झाली, एक तर शासकीय नोकरीत आहे. आमच्याकडे त्या एका शब्दासाठी अकरा वर्षे खेटे झाले. त्यात बहिणीच्या मुलाचा वैद्यकीयचा प्रवेश गेला. शेवटी महसुलाच्या एका जुन्या कागदात पणजोबांच्या नावापुढे 'पिंजारी' सापडले, बलुत्याच्या धान्याच्या हिशेबात. खानाचा किताब सापडला असता तर त्याचा काडीचा उपयोग झाला नसता.

आता कुणी 'मन्सुरी' लावतात. चांगले आहे. बगदादला इसवी सन ९२२ मध्ये सुळावर चढवलेला सूफी मन्सूर अल हल्लाज, त्याच्या नावावरून. हल्लाज म्हणजे अरबीत कापूस पिंजणारा. ज्यांना अरबस्तानाशी नाते जोडल्याशिवाय करमत नाही, त्यांनी हे जोडावे. तिथेही पिंजणच निघते.

भाषेचेही असेच. घरात आम्ही बोलतो ती उर्दू नव्हे, लखनौचा माणूस ऐकेल तर कानाला हात लावील. तिच्यात अहिराणी इतकी मुरली आहे की 'आठे-तठे' कुठून आले ते वेगळे काढता येत नाही. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणात १९०७ साली भिल्ली बोलींच्या खंडातच खानदेशी घातली. मराठी की गुजराती, असा घोळ तेव्हापासून चालू आहे. जनगणनेच्या वेळी मात्र आमची मातृभाषा विचारायच्या आधीच 'उर्दू' लिहून होते. दादीमा अखाजीला माहेरी आलेल्या शेजारणींच्या झोक्याची गाणी अहिराणीत म्हणत. नमाजात अरबी, पत्रात मराठी, भांडणात अहिराणी. उर्दू त्यांना फक्त निकाहाच्या दिवशी भेटली.

चार वर्षांपूर्वी आम्ही सगळे मिळून थाळनेरला गेलो. फारुकींचे हजिरे तिथे आहेत, एक अष्टकोनी, नक्षीचा, अजून देखणा. किल्ल्याचे फार काही उरले नाही. फेब्रुवारी १८१८ मध्ये इंग्रज सेनापती हिस्लॉपने इथली जवळजवळ सगळी शिबंदी कापून काढली आणि किल्लेदार तुळशीराम मामाला फाशी दिले. शिबंदी अरबांची होती, होळकरांच्या चाकरीतले भाडोत्री शिपाई. आमच्यातले बुजुर्ग कबरींपाशी फातिहा पढले. मुले खाली तापीकडे बघत होती, पाणी दूर, खोल.

शेजारच्या शेतातून एक म्हातारे गृहस्थ आले. धोतर, टोपी, हातात कपाशीच्या काड्यांचा भारा. त्यांनी विचारले, "कोणत्या गावचे, भाऊ?" आम्ही सांगितले. "खान का?" नाही बाबा, पिंजारी. त्यांनी भारा खाली ठेवला. म्हणाले, "मंग तुम्ही कामाचे. आता कोनी पिंजारी येतच नही. फोमच्या गाद्या घ्या म्हनतात पोरं. माझ्या मायनी लगनात आनेल गादी है, दगड झाली. पिंजून भेटंल का कुठी?"

धुळ्याला आमच्या एका भावाकडे पिंजायचे यंत्र आहे. त्याचा नंबर दिला. अब्बांनी विचारले, गादी किती शेरांची?

"तोललेली कोनी नही," ते म्हणाले, "पन कापूस ह्याच वावरातला है."